इनासमामाची साक्ष

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या घरात एका देशाला नाव नव्हतं. आई त्याला नुसतं 'तिकडे' म्हणायची. तिकडे पाऊस झाला नाही, तिकडचं पत्र आलं नाही, तिकडे पुन्हा गोळीबार सुरू झालाय म्हणे. तिकडे म्हणजे जिथे इनासमामा होता. आईचा हा धाकटा भाऊ मिशनरी धर्मगुरू होऊन आफ्रिकेतल्या एका आडवळणाच्या खेड्यात गेला होता, आणि तो गेल्यावर दोन वर्षांतच तिथे आपसातलं युद्ध पेटलं. मीही इथे त्या देशाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्यासाठी मामा गेला त्यांची मुलंनातवंडं अजून तिथेच राहतात, आणि कोण कुठल्या धर्माचा हे मोठ्याने बोलायची तिथे आजही सोय नाही.

आम्ही मूळचे वसईचे. मराठी बोलणारे कॅथलिक. हे इथल्या लोकांना समजावून सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं. पप्पांना रंगाच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली आणि मी नऊ वर्षांची असताना आम्ही न्यू जर्सीला आलो. घर लहान होतं, रेल्वेच्या जवळ. न्यूयॉर्कला जाणारी गाडी गेली की कपाटातल्या बशा किणकिणायच्या. तेव्हा ओक ट्री रोडवर आजच्यासारखी रांगेने भारतीय दुकानं नव्हती. सुके बोंबील मिळाले की आई ते दोन पिशव्यांत बांधून फ्रीजरच्या तळाशी लपवायची, आणि कालवण करायच्या दिवशी बाहेर बर्फ असला तरी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची. रोज संध्याकाळी सात वाजता जपमाळ. टेबलावर जेवताना मराठीच बोलायचं, असा तिचा नियम होता. मी इंग्रजीत काही मागितलं तर ती भाताचं भांडं जागचं हलवायची नाही. आज मी हे मराठीत लिहू शकते ते त्या भांड्यामुळे. तेव्हा मात्र मला तिचा फार राग यायचा. घरी मी फिलू होते, फिलोमिनाची फिलू. शाळेत मी स्वतःला फिलिस म्हणवून घ्यायचे, आणि त्या दोन मुलींची कधी गाठ पडू नये यासाठी माझी सगळी धडपड चालायची.

मी पंधरा वर्षांची असताना इनासमामा आमच्याकडे आला. तिकडे त्याला मलेरिया इतक्या वेळा झाला होता की त्याच्या धर्मगुरूंच्या संघाने त्याला सहा महिन्यांची सुट्टी देऊन बहिणीकडे धाडलं. विमानतळावर मी त्याला ओळखलंच नाही. फोटोतला भरदार माणूस नव्हता तो. पँट कमरेला पट्ट्याने चुण्या घालून बांधलेली, पायांत मोजे आणि त्यांवर सँडल. मात्र आवाज भरदार होता. तो भर गर्दीत, गावाकडे बहिणीला हाक मारतात तसा, "बाय!" म्हणून ओरडला, आणि आई माझ्या देखत धावत सुटली. आई धावू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याला तळघरातली खोली दिली. आईने तिथे पडदे शिवून लावले, पप्पांनी जुन्या फळ्यांची छोटी वेदी करून दिली. मामा पहाटे उठून दाढी करताना गायचा, वसईची लग्नातली गाणी, भसाड्या आणि आनंदी आवाजात. तो आणि आई आपसात आमच्या गावच्या बोलीत बोलायचे, जी मला अर्धीमुर्धी कळे, आणि दोघं एवढे हसायचे की पप्पा पेपर खाली ठेवून बघत राहायचे. आईने त्या काळात जे रांधलं ते मी पुन्हा कधी खाल्लं नाही. डुकराचं विंदालू, तांदळाच्या भाकरी, आणि रविवारी आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे, जे मामा गरम गरम कढईतूनच उचलायचा. येताना त्याने वसईहून कुणाच्या तरी हाती मागवलेली सुकेळी आणली होती, उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड आणि काळपट. तिकडच्या गोष्टी तो सांगायचा त्या साध्या असायच्या. पाण्याची टाकी कशी बांधली, दवाखान्यातली केरळची सिस्टर कशी सगळ्यांना दटावते, रात्री म्हाताऱ्या बायका त्याच्या दाराशी येऊन नुसत्या बसतात कशा. युद्धाबद्दल आईने विचारलं की तो म्हणायचा, "आहे ते आहे, बाय," आणि आणखी भात मागायचा.

मला तो आवडायचा. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. घरात मला तो आवडायचा. घराच्या दाराबाहेर पडलं की त्याची प्रत्येक गोष्ट माझ्या अंगाला टोचायची. तो स्वतःचे बनियन स्वतः धुऊन पुढच्या कुंपणावर वाळत घालायचा. रस्त्यावर भेटेल त्याला हात जोडायचा. आमच्या चर्चचे मुख्य फादर म्हातारे होते आणि त्यांना मदतनीस नव्हता, म्हणून त्यांनी मामाला रविवारची दहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करायला सांगितलं. तीच मिस्सा, जिला माझ्या वर्गातली निम्मी मुलं यायची. मामाचं इंग्रजी चुकीचं नव्हतं. पण ते वसईतून निघालेलं आणि आफ्रिकेत पिकलेलं होतं. प्रवचनाच्या ओघात तो हात पसरायचा, आवाज चढवायचा, शब्दांवर भलतीकडेच जोर द्यायचा, आणि मागच्या बाकावरची मुलं खांदे हलवत हसायची. सोमवारी शाळेच्या बसमध्ये त्यातला एक जण उभा राहून 'माय डीअर पीप्पल' म्हणून दाखवायचा. मीही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने.

एका रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये कॉफी आणि डोनट होते. कॅरेन नावाची मुलगी होती, तिच्या गटात मला जागा मिळावी म्हणून मी वर्षभर तिच्या मागेपुढे करत होते. तिने सहज विचारलं, "तो फादर तुझा काका-मामा आहे का गं कोणी?" मी म्हणाले, नाही, आई त्याला इंडियातल्या चर्चमुळे ओळखते. माझं वाक्य पुरं होतंय तोवर मला दिसलं की मामा आमच्यापासून तीन पावलांवर उभा आहे. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली सुकेळी. माझ्या मैत्रिणींना द्यायलाच तो आला होता. त्याने ऐकलं होतं यात शंका नव्हती. आता तो मला फिलू म्हणून हाक मारणार, अशी मला भीती वाटली.

त्याने मला हाक मारली नाही. तो पुढे आला आणि अनोळखी माणसाच्या अदबीने इंग्रजीत म्हणाला, "यंग लेडीज, माझ्या गावचा हा खाऊ. घेऊन बघा." पुडा त्याने आधी कॅरेनपुढे धरला, मग दुसरीपुढे, मग माझ्यापुढे. मी एक तुकडा घेतला आणि "थँक यू, फादर" म्हणाले. तो किंचित वाकून पुढच्या टेबलाकडे गेला. घरी आल्यावर त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवताना उलट मला विचारलं की शाळेत पोहायला शिकवतात ते कुठपर्यंत आलं.

त्याच सुमाराला आईने मामाच्या मागे धोशा लावला होता की तू आता परत जाऊ नकोस. मुख्य फादरनाही माणूस हवाच होता. संघाची परवानगी मिळण्यासारखी होती, कारण डॉक्टरांनी त्याला तिकडची हवा मानवणार नाही असं लिहून दिलं होतं. मामा आईला इतकंच म्हणायचा की बघतो, विचार करतो. आई त्या 'बघतो'वर जगत होती. तिने तळघरासाठी जाड रजई आणली, हिवाळ्यासाठी.

शनिवारी सकाळी मी चर्चच्या ऑफिसात रविवारची पत्रकं दुमडायला जायचे. एका शनिवारी मुख्य फादर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. ते भले गृहस्थ होते, माझ्याशी नेहमी मोठ्या माणसासारखं बोलायचे. म्हणाले, तुझ्या मामाने काल मला होकार दिला, आनंदाने राहीन म्हणाला, आईला तो अजून सांगायचाय. मी सोमवारी बिशपांना पत्र लिहिणार आहे. त्याआधी तुला एक विचारतो, कारण तू तरुण मुलांमध्ये असतेस. मुलांना त्यांचं बोलणं समजतं का? ती त्यांना मानतील का?

त्या खोलीत हीटरचा खडखड आवाज येत होता. माझ्या हातात निम्मं दुमडलेलं पत्रक होतं. मी म्हणाले, मुलं हसतात. हे खरं होतं. मग म्हणाले, कोणालाच काही कळत नाही. हे खरं नव्हतं; म्हाताऱ्या बायका मिस्सेनंतर त्याचा हात धरून रडायच्या, ते मी पाहिलं होतं. तरी मला वाटलं एवढ्याने भागणार नाही, आणि मी म्हणाले, दोन-तीन घरं तर त्यांच्यामुळे दुसऱ्या चर्चला जाणार आहेत, मी स्वतः ऐकलंय. हे मी त्या क्षणी रचलं. असं एकही घर नव्हतं. फादरनी चष्मा काढून डोळे चोळले आणि खरं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले.

माणूस आयुष्यभर स्वतःला समजावत असतो. पंधरा वर्षांची पोर, तिला काय कळतं, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पण मला कळत होतं. तो परत कुठे जाणार हे मला माहीत होतं. रोज रात्री जपमाळेत 'तिकडच्यांना शांती मिळो' असं मीच मोठ्याने म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात मामा जेवणाच्या टेबलावर म्हणाला की तो परत जातोय, महिनाअखेरीस. आईने विचारलं, का? तो म्हणाला, "माझं मन इथे रमत नाही, बाय." आईला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नाही हे कळल्यावर ती आधी रडली, मग चिडली, मग तिने बोलणंच टाकलं. पप्पांनी दोन्हीकडून समजूत घालायचा प्रयत्न केला. मी ताटात बघत जेवत राहिले. जायच्या दिवशी मामा बॅग घेऊन वर आला तेव्हा आई सिंकपाशी पाठ करून उभी होती. तो तिच्या मागे जरा वेळ थांबला. ती वळली नाही. नळ चालू ठेवूनच म्हणाली, "मरायचंच असेल तर जा." ती विमानतळावर आली नाही.

पप्पा गाडी लावायला गेले तेव्हा मी आणि मामा दहाएक मिनिटं दोघेच होतो. लोक बॅगा ढकलत आमच्या आजूबाजूने जात होते. मामा माझ्याकडे बघत नव्हता, सुटणाऱ्या विमानांच्या पाटीकडे बघत होता. म्हणाला, "पोरी, आईला मी सांगितलंय की माझं मन रमलं नाही. तुला कधी कोणी विचारलं तर तूही तेवढंच सांग. जास्त काही सांगायची गरज नाही." तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे. मुख्य फादरनी माझं नाव घेतलं असेल, किंवा घ्यायची गरजही पडली नसेल. मी क्षमा मागायला हवी होती. मी म्हणाले, "बरं." त्याने अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि आत गेला.

तिकडून त्याची पत्रं यायची, घरासाठी एक आणि माझ्यासाठी वेगळं, मोठ्या सुबक अक्षरातलं मराठी. शाळा, पोहणं, पप्पांची कंबर, सगळ्याची चौकशी. त्या शनिवारचा उल्लेख एकाही पत्रात नाही. मी दोन पत्रांना उत्तर दिलं. नंतर कॉलेज सुरू झालं आणि मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. आईने तर एकही ओळ लिहिली नाही; तो परत येतो म्हणेल, चूक झाली म्हणेल, याची ती वाट बघत होती.

तो गेल्याची बातमी संघाकडून फोनवर आली. काय घडलं ते मात्र दोन महिन्यांनी त्या केरळच्या सिस्टरच्या पत्रातून कळलं. पत्र इंग्रजीत, वळणदार हस्ताक्षरात होतं, आईला ते लागेना. मी कॉलेजातून घरी आले होते. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात ऊन आलेलं, आणि मी एकेक वाक्य वाचून आईला मराठीत सांगत होते. हत्यारबंद लोक जवळ आले तेव्हा एक शेवटचा ट्रक निघाला. मामाने त्यात सिस्टरांना आणि दवाखान्यातल्या आजाऱ्यांना चढवलं. त्याच्यासाठी पुढे जागा ठेवली होती. पण सोळा-सतरा माणसं ट्रकमध्ये मावत नव्हती, तेव्हा तो त्यांच्याजवळ थांबला. दुसऱ्या दिवशी ते लोक आले. त्यांना बाप्तिस्म्याची वही हवी होती, कारण खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं नाव आणि घर तिच्यात होतं. मामाने ती लपवली होती. तीन दिवस त्याला शाळेच्या खोलीत कोंडून मारहाण केली. वही दे आणि क्रूसावर पाय दे, सोडून देतो, असं सांगितलं. स्वयंपाक करणारी म्हातारी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. ती सांगते की तो दर वेळी एकच म्हणायचा, मला माहीत नाही म्हणणार नाही, मला माहीत आहे, पण सांगणार नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला पाण्याच्या टाकीजवळ नेऊन गोळी घातली. वही त्यांना मिळाली नाही.

इथवर मी नीट सांगितलं. शेवटच्या पानावर सिस्टरने लिहिलं होतं की फादर पुष्कळदा बहिणीच्या अमेरिकेतल्या घराबद्दल बोलायचे, तिथे माझ्यासाठी खोली होती, जमलं असतं तर मी सुखाने राहिलो असतो, असं म्हणायचे. ते वाक्य मी मनात वाचलं. वाचून पुढच्या वाक्यावर गेले. आईने विचारलं, "संपलं?" मी म्हणाले, "हो, मग नुसता नमस्कार आहे." आई बराच वेळ टेबलाची कड अंगठ्याने घासत राहिली. म्हणाली, "त्याला तिथेच राहायचं होतं. आम्ही नको होतो त्याला." मी पत्राची घडी घातली.

पुढची चाळीस वर्षं आई तेच म्हणत आली. पप्पा गेले, मी नॉर्थ कॅरोलायनात औषधांच्या लॅबमध्ये नोकरी धरली, आईला तिथल्या कॅरी गावात माझ्याकडे आणलं. वसईत मामाचा फोटो चर्चमध्ये लागला, लोक त्याला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला, म्हणू लागले, फोटोपुढे मेणबत्त्या लावू लागले. इथल्या महाराष्ट्र मंडळातली मुलं गणपतीत भेटली की मला कौतुकाने विचारायची, "मावशी, तुमचे अंकल सेंट होणारेत का?" मी हसायचे. आई त्याचं नाव निघालं की उठून आत जायची. लोकांना वाटे, दुःखाने. मला माहीत होतं की ती रुसून जाते, आणि तो रुसवा मी तिला दिलेला आहे.

गेल्या वर्षी वसईहून एक तरुण फादर आले. मामाला हुतात्मा म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्याला ओळखणाऱ्यांच्या साक्षी ते गोळा करत होते. लॅपटॉप घेऊन ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. आई नव्वदीच्या उंबरठ्यावर, कानात यंत्र, अंगावर इस्त्रीची साडी. बायबलवर हात ठेवून तिने शपथ घेतली. लहानपणचं सांगितलं, गाणी सांगितली. मग फादरनी विचारलं की धोका माहीत असताना तो अमेरिकेतून स्वखुशीने परत गेला का.

आई म्हणाली, "स्वखुशीने. मी एवढी रडले तरी थांबला नाही." मग म्हणाली, "मी त्याला म्हटलं होतं, मरायचंच असेल तर जा. हे लिहायचं का, फादर? माझ्या तोंडचं शेवटचं आहे ते. कबुलीजबाबात पुष्कळदा सांगितलंय. पण जात नाही."

फादर हळूच म्हणाले, तुम्हाला हवं असेल तर लिहितो. आणि ते टाइप करू लागले.

मी समोर बसले होते. माझी साक्ष तिच्यानंतर होती, आणि मी काय सांगणार ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं: मामाची दाढी, मामाची पत्रं. मी फादरना थांबायला सांगितलं. मग सगळं सांगितलं, कॅरेन, पत्रकं, हीटर, न सोडून गेलेली घरं, विमानतळ. आवाज मोठा ठेवावा लागला, नाहीतर आईला ऐकू गेलं नसतं. पत्रातलं गाळलेलं वाक्य सांगताना मला ते इंग्रजीत जसंच्या तसं आठवलं, आणि मी ते आधी इंग्रजीत म्हटलं आणि मग मराठीत, जसं त्या दुपारी म्हणायला हवं होतं. फादरची बोटं थांबली होती. ते इतकंच म्हणाले की याने त्याच्या हौतात्म्याला बाध येत नाही, ट्रकमध्ये जागा असताना तो मागे राहिला ते त्याचं स्वतःचं होतं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मी त्यासाठी बोलले नव्हते.

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने कानातलं यंत्र एकदा चाचपलं, जणू त्यात काही बिघाड झाला असावा.

"म्हणजे हो म्हणाला होता तो," ती म्हणाली.

"हो, आई."

"आनंदाने?"

"फादर तसंच म्हणाले होते. आनंदाने."

माझा हात टेबलावर होता. तिने तो धरला नाही, आणि मीही पुढे केला नाही. तेव्हापासून आजपर्यंत तिने या गोष्टीबद्दल मला एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि क्षमा केली असंही म्हटलेलं नाही. मी ती मागितली, तेव्हा तिने टीव्हीचा आवाज वाढवला. पण त्या दिवशी, टेबलाशी, ती खुर्चीत सरळ झाली, पदर सावरला आणि तरुण फादरकडे वळून म्हणाली,

"माझं मघाचं खोडा. पुन्हा लिहा. माझा भाऊ माझ्या घरी राहणार होता."